तीनशे साठ सीसीची लाज

गाडी उघडून परत जोडली की दोन-चार बोल्ट उरतातच. गाडी चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि ते बोल्ट डब्यात पडतात. कुठल्या गाडीचे होते ते आठवत नाही, आणि टाकवतही नाहीत. गॅरेजातले किस्से असेच साठतात. माझा डबा आता भरत आलाय.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा, असं आगाशेबाई म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी चौथी पास. तीही मास्तरांची सायकल दुरुस्त करून द्यायचो म्हणून. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा, शुद्धलेखन मी बघते. वर म्हणाल्या, "हसवा. पण खरं लिहा."

खरं लिहिलं तर तुम्ही हसाल आणि मला लाज वाटेल. वाटू दे. तशीही वाटतेच आहे.

आमचं गॅरेज शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. कितव्या नंबरात ते सांगत नाही, नाहीतर बघायला याल. मालक सलीमशेठ, श्रीवर्धनचे. त्यांच्या वडिलांनी मला इकडं आणलं, त्याला छत्तीस वर्षं झाली. मी मेकॅनिक, सगळे उस्ताद म्हणतात. हुसेन हा डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा. आम्ही दोघं एकाच खोलीत राहतो. चहा तो करतो, भांडणं मी.

ज्या गाडीचं सांगणार आहे ती येण्याच्या थोडं आधी शेठ मला म्हणाले होते, उस्ताद, आता गावाकडचं बघा. हल्ली गाडी आली की आधी कॉम्प्युटर लावतात, तो सांगतो काय बिघडलंय. मला त्याच्यावरची अक्षरं लागत नाहीत. माझा व्हिसा संपत आला होता आणि रिन्यू करायचा की तिकीट काढायचं ते शेठनी ठरवायचं होतं. गावी माझं घर आहे, मुलगा-सून आहेत, सगळं आहे. पण तिथं मी नुसता म्हातारा. इथं उस्ताद.

अशात आगाशेसाहेबांची, म्हणजे बाईंच्या यजमानांची, गाडी आली. साठ वर्षं जुनी, जपानची, तिच्यात कॉम्प्युटर लावायला भोकच नाही. शेठ म्हणाले, "ही चालू करून दाखवा. मग बघू."

*

रिकव्हरीच्या ट्रकवरून ती उतरली तेव्हा आजूबाजूच्या गॅरेजांतले लोक काम टाकून बाहेर आले. मला वाटलं ट्रकवाला अर्धी गाडी रस्त्यात विसरला. पाठ गोल, पुढं दोन बटबटीत दिवे, चाकं जेवायच्या ताटाएवढी. कंपनीचं नाव लिहीत नाही.

माझी पद्धत ठरलेली. गाडी आली की कोणाशी बोलायचं नाही, आधी बॉनेट उघडायचं आणि रेडिएटरचं पाणी बघायचं. इथल्या उन्हात गाड्यांची निम्मी दुखणी तिथंच सापडतात. मी बॉनेट उघडलं. आत एक स्टेपनी, बॅटरीची जागा, बाकी मोकळं.

सगळे बघत होते. मी तिथल्या तिथं आगाशेसाहेबांना फोन लावला. साहेब ऑफिसात, मीटिंगमध्ये. म्हटलं, "साहेब, तुम्हाला फसवलंय. इंजिन काढून घेतलंय. पोलिसात जा."

साहेब सभ्य माणूस. हळू आवाजात म्हणाले, "उस्ताद, जरा मागं बघता का?"

मागं बघितलं. इंजिन होतं. शिलाई मशीन झाकून ठेवावं तेवढं.

लोक हसले त्याचं काही नाही. मी धंदा शिकलो चिपळूणला, रिक्षांवर. रिक्षाचं इंजिन मागंच असतं. आठ वर्षं मी रोज मागं वाकून काम केलं आणि इथल्या मोठ्या गाड्यांची सवय लागल्यावर ते सगळं धुऊन काढलं. कोणी विचारलं तर मी रिक्षाचं नावही काढत नसे. म्हणायचो, गल्फमध्येच शिकलो.

इंजिन सापडल्यावर मी रेडिएटर शोधायला लागलो. अर्धा तास शोधला. ते इंजिन हवेनं थंड होतं, त्याला पंखा आहे, पाणी लागतच नाही. हे मी कोणाला विचारलं नाही. शोधून दमलो तेव्हा कळलं.

*

आगाशेसाहेब दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला राहतात. कुठल्याशा मोठ्या कंपनीत इंजिनियर, पण हातांना काळं लागलेलं कधी दिसलं नाही. एका रविवारी त्यांनी शेठना, मला आणि हुसेनला तिथल्या करामा भागात थाळी खायला बोलावलं. बाई होत्या, कॉलेजातली मुलगीही होती.

ताट समोर आलं आणि साहेबांनी सगळ्या वाट्या उचलून टेबलावर गाडी मांडली. मुलगी म्हणाली, "पप्पा, प्लीज, नॉट अगेन." साहेब ऐकणारे नव्हते.

मला समजलं ते असं. लढाई हरल्यावर जपान्यांकडं पैसा नव्हता, पेट्रोल नव्हतं, गल्ल्या अरुंद. सरकारनं नियम काढला की गाडीची लांबी तीन मीटरच्या आत आणि इंजिन तीनशे साठ सीसीपर्यंत ठेवाल तर टॅक्स कमी. मग ज्यांनी आधी विमानं बनवली होती आणि आता ज्यांना काम नव्हतं, असे इंजिनियर कामाला लागले. विमानवाले, त्यामुळं वजनाचे वैरी. खाली चासी ठेवलीच नाही. पत्र्यालाच असा बाक दिला की पत्रा हीच गाडी. छत फायबरचं, वरचा भार कमी व्हावा म्हणून. स्प्रिंगच्या जागी सळ्या, पीळ खाऊन परत येणाऱ्या. सगळं मिळून चारशे किलोच्या आत, आणि बसतात चार माणसं.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आमटीची वाटी म्हणजे इंजिन, ती मागच्या बाजूला गार होत होती.

हुसेन सगळं मन लावून ऐकत होता. म्हणाला, "साहेब, आमच्या पहिल्या खोलीत आम्ही चौदा जण होतो. आमचा कोणी इतिहास सांगत नाही."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी मात्र पत्र्याचं ऐकून मनात म्हटलं, म्हणजे या गाडीत अर्धं काम हुसेनचं. ते मला आवडलं नाही. हे त्या दिवशी कोणाला दिसलं नसेल, म्हणून आज सांगतो.

*

शेजारी गुलखानचं टायरचं दुकान आहे. पेशावरचा पठाण, देह कपाटासारखा. चाकं काढायची म्हणून मी जॅक शोधत होतो, तर तो एका हातात कडक चहा घेऊन आला, दुसऱ्या हातानं गाडीचं नाक उचललं आणि उभा राहिला.

"उस्ताद, ये गाडी है या चप्पल?"

मी म्हटलं, धरून ठेव, दोन्ही चाकं काढतो. त्यानं धरली. चहा संपला तरी धरून होता.

दहा इंची टायर त्याच्याकडं नव्हते. म्हणाला, इन्शाल्ला आणतो. दोन दिवसांनी चार टायर घेऊन आला, मी बसवले, चकाचक दिसत होते. मग समोरच्या गोडाऊनचा मॅनेजर बोंबलत आला की त्यांच्या माल ओढायच्या ट्रॉल्या जमिनीवर बसल्यात.

गुलखान शांतपणे म्हणाला, "हबीबी, तुम्हारा ट्रॉली कहीं जाता है क्या?"

*

या गाडीचे दरवाजे उलटे उघडतात. बिजागरी मागं, कडी पुढं. चालत्या गाडीत कडी सुटली तर वारा दरवाजा धरून फाडतो.

डाव्या दरवाजावर हुसेननं तीन आठवडे घातले होते. पत्रा एवढा पातळ की हातोडी जरा जोरात पडली तर पत्रा ताणतो आणि मग आलेला फुगा परत खाली बसत नाही. तो वाळूची पिशवी खाली घ्यायचा, लाकडी हातोडी वापरायचा आणि दर चार ठोक्यांनी डोळे मिटून तळहात फिरवायचा. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली असती तर दोन दिवसांत काम झालं असतं. शेठनी तेच सांगितलं. हुसेन म्हणाला, "वजन वाढेल. त्या विमानवाल्यांनी एवढं वाचवलं, मी कशाला घालवू?"

दरवाजा बसवला त्या दिवशी मी गाडीत बसलो. इंजिन अजून चालू नव्हतं, दोघा-तिघांना ढकलायला लावलं, ब्रेक बघायचे होते. दरवाजा लागला का, असं हुसेननं दोनदा विचारलं. मी म्हटलं, मला गाडीत बसायला शिकवू नकोस.

लागला नव्हता. शटरच्या खांबाला अडकून तो असा मागं गेला, की पेपराची घडी.

हुसेन आला, दरवाजाकडं बघितलं, "खलास," म्हणाला, आणि हातोडी आणायला गेला. परत तीन आठवडे. त्यानं शेठना सांगितलं की बिजागरी सैल होती. बिजागरी घट्ट होती. मी ती स्वतः पिळली होती.

*

आता मोठ्या गोष्टीकडं येतो.

इंजिन चालू करायच्या आदल्या दिवशी आगाशेबाई साबुदाण्याच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. सगळ्यांना वाटले. मग इंजिनाजवळ उभ्या राहून मला म्हणाल्या, "उस्ताद, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं हिला? पुण्याला कॉलेजात माझी मोपेड होती. पंपावर आधी ऑइल मारून घ्यावं लागायचं. हिचा आवाज बघून..."

आवाज अजून निघालाच नव्हता. मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

म्हटलं, "बाई, ही गाडी आहे. मोपेड नव्हे. तुम्ही वड्यांचं बघा."

शेठ लांब होते, त्यांना शेवटचं वड्यांचं तेवढंच ऐकू गेलं. ते हसले, म्हणून बाकीचेही हसले. बाईंनी डब्याचं झाकण पुसलं, लावलं आणि साहेबांची वाट बघत बाहेर खुर्चीवर बसल्या.

ज्यांना या धंद्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते, निदान त्या काळच्या अशा इंजिनात नसायची. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, ते जळता जळता पिस्टनला वंगण देतं. पाव लिटर विसरलात तरी इंजिन गेलं. रिक्षा, स्कूटर, मोपेड, आपल्याकडची आख्खी पिढी त्यावर वाढली. पंपावर गेलं की पोरंसोरंसुद्धा म्हणायची, ऑइल मारा.

आणि मी रिक्षांवर आठ वर्षं काढलेला. खाली नट खोलून बघितलं तर ऑइल दिसलं, म्हटलं झालं, आहे की भरलेलं. ते गिअरचं होतं. हुसेननंच विचारलं होतं की बबन, या इंजिनाला टॅपेट का दिसत नाहीत? टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे खटके, ते टू-स्ट्रोकला नसतातच. मी म्हटलं, जपान्यांनी आत लपवले असतील.

डोळ्यांनी सगळं बघितलं. पण बाईनं सांगितलेलं खरं निघालं तर उस्ताद कोण, एवढंच डोक्यात होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुसेनला पंपावरून पाच लिटरचा डबा आणायला सांगितला. साधं पेट्रोल, असं मीच म्हणालो. टाकीत मीच ओतलं.

दुसऱ्या किकला म्हणतात तशी सुरू झाली. शेठनी टाळ्या वाजवल्या. आगाशेसाहेबांनी फोन काढून शूटिंग चालू केलं. बाई एका कडेला उभ्या.

धूर अजिबात नव्हता. टू-स्ट्रोकचा निळा धूर निघत नाही म्हणजे आत ऑइल नाही, हे चिपळूणच्या माझ्या उस्तादानं मला कानफटात मारून शिकवलं होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा, किती साफ इंजिन आहे."

हुसेनला शेजारी बसवला. त्याचे गुडघे कानाला लागत होते. गल्लीला एक चक्कर मारली. गुलखाननं सलाम ठोकला. दुसऱ्या चकरेत मशिदीच्या कोपऱ्यावर आवाज बारीक झाला, शिट्टीसारखा, आणि मागची चाकं जागच्या जागी लॉक झाली. गाडी थोडी घसरली आणि थांबली. भाजक्या लोखंडाचा वास आला.

हुसेननं माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाला, "बबन, तेल घातलंस ना?"

मी उतरलो आणि ढकलायला लागलो.

शटरपाशी सगळे उभे होते. शेठना धंदा कळतो. वाकून वास घेतला आणि विचारलं, "ऑइल न मारता पेट्रोल कोणी आणलं?"

हुसेन म्हणाला, "मी आणलं."

खरंच होतं ते. आणलं त्यानंच होतं. पुढचं सांगायचं काम माझं होतं. एक वाक्य होतं: शेठ, साधं आणायला मी सांगितलं. माझा पासपोर्ट त्या आठवड्यात शेठच्या टेबलावर, व्हिसाच्या कागदात होता. मी खिशातून फडकं काढलं आणि हात पुसायला लागलो. हात स्वच्छ होते.

शेठ सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "पत्रेवाला आदमी पत्रा देखे. यापुढं या गाडीला हात लावायचा नाही." साठी ओलांडलेल्या माणसाला. हुसेन बरं म्हणाला.

आगाशेबाई माझ्याकडं बघत होत्या. त्या गॅरेजात खरं माहीत असलेलं तिसरं माणूस त्याच. मला वाटलं आता बोलतील. त्या साहेबांना म्हणाल्या, चला, उशीर होतोय.

सलीमशेठ, हे तुम्ही वाचत असाल तर वाचा. साधं पेट्रोल आणायला मी सांगितलं होतं आणि टाकीत मीच ओतलं.

*

पिस्टन साहेबांनी जपानहून मागवले. सिलेंडर मी लेथवाल्याकडं नेऊन घासून घेतले. महिना गेला. त्या महिन्यात मी जे काम केलं तसं आयुष्यात कधी केलं नसेल. एक-एक रिंग नखावर घासून बघितली. मिसळलेलं पेट्रोल मी कुलपात ठेवत होतो.

इंजिन परत सुरू झालं, निळा धूर निघाला, शेठ खूश. म्हणाले, हुसेननं वाट लावलेलं इंजिन उस्तादानं उठवलं, असला माणूस आता कुठं मिळणार? व्हिसा दोन वर्षांसाठी वाढला. व्हिसाच्या मेडिकल तपासणीलाही शेठ स्वतः घेऊन गेले.

त्या संध्याकाळी हुसेननं चहात वेलची घातली. म्हणाला, "दोन वर्षं म्हणजे पुष्कळ झाली." मला वाटत होतं तो भांडेल. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडण मला येतं. तो बशीत चहा ओतून गार करत बसला.

आगाशेबाई एकदाच विचारून गेल्या. "आता किती घालता ऑइल?"

"वीसला एक."

"माझ्या मोपेडलाही तेवढंच होतं," म्हणाल्या, आणि माझ्या हातात डबा दिला. या खेपेला वडे दोघांचे वेगळे बांधले होते. एका पुडीवर हुसेनभाई लिहिलं होतं. ती पुडी मोठी होती.

*

हिवाळ्यात दुबईला जुन्या गाड्यांचा मेळा भरला. खुल्या मैदानात, सकाळी, छान गार हवा. रिकव्हरीवर चढवून आम्ही गाडी नेली. शेठ, मी, आगाशे मंडळी. हुसेनचं नाव शेठनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

आमच्या एका बाजूला अमेरिकन गाडी, नुसतं तिचं बॉनेटच आमच्या गाडीएवढं. लोक यायचे, फोटो काढायचे, पोरं म्हणायची सो क्यूट, आणि पुढं जायचे. आगाशेसाहेब प्रत्येकाला लढाईपासून सुरुवात करायचे. ऐकायला कोणी थांबत नव्हतं.

मग एक जपानी म्हातारा आला. ऐंशीच्या पुढचा असेल, काठी, डोक्याला कापडी टोपी, बरोबर मुलगी. ती इथंच नोकरी करते. म्हातारा गाडीसमोर थांबला तो हललाच नाही. थोड्या वेळानं त्यानं काठी मुलीकडं दिली आणि गाडीभोवती फिरला. पाठीवरून हात फिरवला. खाली बसला, मोठ्या मुश्किलीनं, आणि चाकावरचा पत्रा बोटाच्या पेरानं वाजवला. एका ठिकाणी, मग दुसऱ्या. मग डावा दरवाजा. डोळे मिटून.

तो जपानीत बोलायचा, मुलगी इंग्रजीत, साहेब आम्हाला मराठीत. त्याच्या वडिलांचं औषधाचं दुकान होतं आणि अशीच गाडी होती. घरात सहा माणसं. चढ आला की आई सोडून सगळे उतरून ढकलायचे. आई आत बसून स्टिअरिंग धरायची आणि सगळ्यांना रागवायची. हे सांगताना म्हातारा हसत होता.

मग त्यानं विचारलं, पत्र्याचं काम कोणी केलं? त्याचा जन्म पत्र्याच्या कामातच गेला होता. म्हणाला, आवाजावरून कळतं, आत कुठंही पुट्टी नाही. आमच्याकडं असं करणारे आता मेले.

साहेबांनी हे मराठीत सांगितलं आणि माझ्याकडं बघितलं, म्हणजे तुम्ही सांगा, अशा अर्थानं. त्यांना माहीत होतं हुसेननं केलंय. पण शेठनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं केलं. "हे आमचे उस्ताद."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. दोन्ही हात मांड्यांना लावले आणि माझ्यासमोर वाकला. सावकाश. आणि तसाच राहिला.

माझ्यासमोर त्याचं डोकं होतं, वर विरळ पांढरे केस. मला इंग्रजी येत नाही, जपानी येत नाही, पण नाही म्हणून हात हलवायला भाषा लागत नाही. मी हात हलवला नाही. मान डोलावली, हो म्हणतात तशी. शेठनी फोटो काढला. तो फोटो अजून गॅरेजात लावलेला आहे, टायरच्या कॅलेंडरशेजारी.

बाई गाडीच्या पलीकडं उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. पाच वर्षांचं पोर चोरी करताना दिसलं की मोठी माणसं फिरवतात ना, तसं.

*

संध्याकाळी खोलीवर गेलो. हुसेन स्टोव्हजवळ पाठमोरा, चहाचं पाणी ठेवलेलं. कसा झाला मेळा, असं विचारलं त्यानं. मी आधी अमेरिकन गाडीचं सांगितलं, मग गर्दीचं, पार्किंगचं. सगळं सांगून झालं. मग म्हाताऱ्याचं सांगितलं.

एकही गोष्ट गाळली नाही. पेरानं वाजवलं ते, पुट्टीचं, औषधाच्या दुकानाचं, शेठनी पुढं केलं ते, माझ्या मानेचं.

ऐकताना हुसेन मागं वळला नाही. साखर घातली, ढवळली. मग विचारलं, "वाकला म्हणजे किती वाकला?"

मी हातानं दाखवलं. एवढा.

"हातानं काय दाखवतोस? नीट दाखव."

मी खाटेवरून उठलो. आमच्या दोन खाटांच्या मधे एका माणसापुरती जागा आहे, तिथं उभा राहिलो. हात मांड्यांना लावले. वाकलो. माझी कंबर गेली दहा वर्षं दुखते, पण वाकलो, म्हातारा वाकला होता तेवढा. फरशी दिसत होती आणि हुसेनचे पाय. तो वळला होता.

 चहा उकळून वर येत होता, त्याचा आवाज येत होता.

"तो किती वेळ राहिला होता तसा?" हुसेननं विचारलं.

"याच्यापेक्षा जास्त," मी खालूनच म्हटलं.

"मग राहा."